पाखडणं, फोडणी आणि भेसळ
(हौशी आकाशचित्रांची थोडी समीक्षा)

दर वर्षी दिवाळीच्या आठवड्यात आपल्या फोनवर एक चित्र हमखास येतं. काळोखावर उमटलेला भारताचा नकाशा, त्यात पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे लखलखताहेत, आणि खाली ओळ : 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाच्या सौजन्याने'. पुण्याची मावशी ते पाठवते, न्यू जर्सीचा मित्र पाठवतो, आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तर ते तीन-चारदा येतं. पूर्वी ई-मेलमधून फिरणाऱ्या ढकलपत्रांपैकी जी काही चिवट निघाली, त्यांत या चित्राचा नंबर फार वरचा लागेल.

गंमत अशी की ते चित्र खोटं नाही. खोटी आहे ती खालची ओळ. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि सागर संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी ते २००३ साली तयार केलं. उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे त्यात एकावर एक रचले आहेत. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ साली दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. वस्ती कशी पसरत गेली, हे दाखवण्यासाठी केलेला तो नकाशा आहे. त्यातल्या रंगांचा आकाशकंदिलांशी काडीचाही संबंध नाही.

नासानं दिवाळीच्या सुमाराचं खरं चित्रही दिलं आहे. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री सुओमी एनपीपी या उपग्रहानं ते घेतलं. त्यात रंगांची उधळण नाही. शहरांचे पुंजके दिसतात, बस्स. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारच नाही, हे नासानं सोबत लिहिलं. शहरं नीट ओळखू यावीत म्हणून चित्र उजळ केलं आहे, हेही लिहिलं. म्हणजे खऱ्या चित्रावरसुद्धा संस्कार झाले होते! फरक एवढाच की ते सांगितले होते.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते सगळं या दोन चित्रांत आहे. आकाशाच्या फोटोवर संगणकात काम केलं, म्हणून तो खोटा ठरत नाही. काय काम केलं ते लपवलं, किंवा नसलेलं त्यात घातलं, की तो खोटा ठरतो. आणि हा प्रश्न नुसता हौशी लोकांच्या चर्चेपुरता नाही. इथे वाढणारी आपली मुलं असं एखादं चित्र शाळेत अभिमानानं दाखवतात, कुणीतरी ते खोटं असल्याचं दाखवून देतं, आणि मग ती पुढच्या खऱ्या चित्रालाही 'फोटोशॉप असेल' म्हणून मोकळी होतात. सगळ्यावर विश्वास ठेवणं आणि कशावरच न ठेवणं, या दोन्हींत पाहण्याचे कष्ट वाचतात. नुकसान मात्र आपलंच होतं.

आता हा उपद्व्याप मी का करतोय? माझा धंदा संगणकाचा. मास्टर्स करायला या देशात आलो आणि लेस्टरला स्थिरावलो. दिवसभर कंपन्यांचा डेटा साफ करून देतो, आणि आकाश मोकळं असेल त्या रात्री मागच्या अंगणात दुर्बीण लावून स्वतःचा डेटा गोळा करतो. 'आकाश मोकळं असेल त्या रात्री' हे शब्द लेस्टरकरांना वेगळे समजावून सांगायला नकोत. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत तर इथे पूर्ण काळोखच होत नाही; सूर्य क्षितिजाखाली पुरेसा खोल जातच नाही. उरलेल्या रात्री ढगांच्या मर्जीवर.

गाण्याच्या कार्यक्रमानंतर आपण म्हणतो, 'आलाप छान होता, पण तानेची घाई झाली.' नाटकानंतर म्हणतो, 'दुसरा अंक पडला.' आकाशाच्या फोटोला मात्र एकच शेरा मिळतो : 'वा, सुंदर!' नाहीतर त्याचा धाकटा भाऊ : 'खरं आहे का हे?' या दोन शेऱ्यांच्या मधे समीक्षेला भरपूर जागा आहे. त्यासाठी मला आपल्या स्वयंपाकघरातले तीन शब्द सोयीचे वाटतात : पाखडणं, फोडणी आणि भेसळ.

पाखडणं

मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलानं काढलेलं चंद्राचं चित्र जगभर गाजलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. घरून येणाऱ्या प्रत्येक फोनची धास्ती वाटायची. त्यात पुण्याहून चंद्र आला! बातम्यांमध्ये आकडे होते : पन्नास हजारांहून अधिक प्रतिमा, १८६ जीबी डेटा, चारेक तासांचं चित्रण, आणि मग संगणकावर सुमारे ३८ ते ४० तासांचं काम. आपल्या लोकांना आकड्यांचं भारी कौतुक. आकडे सगळ्यांनी वाचले, पण एका चंद्राला पन्नास हजार प्रतिमा कशासाठी, हे फार थोड्यांनी विचारलं.

उत्तर हवेत आहे. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पाहिलं की समोरची गाडी थरथरताना दिसते, तसाच दुर्बिणीतला चंद्र सतत थरथरत असतो. कारण मधे कित्येक किलोमीटर हलती हवा आहे. एखाद्या क्षणी ती स्थिर होते आणि विवराची कड लख्ख दिसते. पुढच्याच क्षणी सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. म्हणून हौशी मंडळी एक फोटो न काढता चलचित्र घेतात. त्यातून हजारो चौकटी मिळतात. संगणक त्यांतल्या धारदार तेवढ्या निवडतो, एकावर एक नेमक्या बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. सेन्सरची खरखर प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असते, विवर मात्र प्रत्येकीत त्याच जागी. त्यामुळे सरासरीत खरखर विरते आणि विवर टिकतं. शंभर चौकटी रचल्या की खरखर साधारण एक दशांश होते. असे चंद्राचे छोटे छोटे भाग करून ते शेवटी गोधडीसारखे जोडायचे.

आपली आजी सुपात तांदूळ पाखडायची, ते हेच. फोल उडून जातं, खडे निवडले जातात, पण सुपात नवा दाणा पडत नाही. अशा चित्राला कुणी 'एडिट केलेलं' म्हणून नाक मुरडलं, तर त्यानं न पाखडलेल्या तांदळाचा भात एकदा खाऊन पाहावा.

लेस्टरच्या अंगणातून दूरच्या तेजोमेघांचे फोटो काढताना पाखडण्याचं काम आणखी वाढतं. शहराचा नारिंगी-पांढरा उजेड प्रत्येक चौकटीवर सायीसारखा पसरलेला असतो. तो मोजून वजा करावा लागतो. वर ईस्ट मिडलंड्स विमानतळ मालवाहतुकीचा मोठा अड्डा असल्यामुळे विमानं रात्रभर चालूच, आणि त्यांच्या रेघा चौकटींवर. रेघ एकाच चौकटीत असते, म्हणून बाकीच्यांशी ताडून संगणक ती काढून टाकतो. आता कुणी म्हणेल, विमान तर खरंच तिथे होतं, मग ते पुसणं ही लबाडी नाही का? माझं मत असं : चित्र तेजोमेघाचं असेल तर विमान पुसणं हे पाखडणं. पण 'माझ्या शहराचं आजचं आकाश' म्हणून तेच चित्र मांडलं, तर विमान आणि हल्ली वाढलेल्या उपग्रहांच्या रेघा पुसणं ही दिशाभूल. काम तेच असलं तरी चित्राचा दावा बदलला की न्याय बदलतो.

फोडणी

जाजूच्या चित्राकडे परत येऊ. त्या चंद्रावर निळसर आणि तांबूस-तपकिरी छटा आहेत. कोजागिरीला (म्हणजे आपल्याकडे कोजागिरीच्या जवळच्या शनिवारी) मसाला दूध पिताना आपण जो चंद्र पाहतो, तो असा नसतो. मग हे रंग आले कुठून?

चंद्राचा पृष्ठभाग मुळात काळपट आहे. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण बारा टक्केच तो परत पाठवतो. जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याइतका. काळ्या आकाशात तो एकटा उन्हात उभा असतो, म्हणून आपल्याला चांदीसारखा वाटतो. पण त्या करड्या रंगातही फार सूक्ष्म भेद आहेत. जिथल्या लाव्हात टायटॅनियम जास्त, तो भाग किंचित निळसर. जिथे ते कमी, तो किंचित तांबूस. डोळ्याला हे भेद जवळपास कळत नाहीत, सेन्सरला कळतात. संगणकात रंगांची तीव्रता थोडी थोडी वाढवत नेली की ते वर येतात. अशा चित्राला 'खनिजांचा चंद्र' म्हणतात, आणि जाजूनंही आपलं चित्र याच नावानं मांडलं होतं.

ही फोडणी. डाळ तीच आहे, हिंग-मोहरीनं तिची चव पुढं आली. हे रंग कल्पनेतून आलेले नाहीत. ते वाढवलेले आहेत. मला त्या चित्राचं मोल इथे वाटतं : नुसता देखणा चंद्र दाखवण्याऐवजी त्यानं चंद्राचा भूगर्भ दाखवला. ज्यांना चंद्राचे डाग म्हणजे फक्त ससा किंवा हरीण माहीत होतं, त्यांना प्रथमच तिथल्या लाव्हाच्या वेगवेगळ्या थरांच्या सीमा दिसल्या.

समीक्षा म्हणायची तर एक उणंही सांगायला हवं. त्या रात्रीचा चंद्र कृष्ण अष्टमीच्या आसपासचा, अर्धा. अशा चंद्रावर उजेड आणि अंधाराच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे सर्वांत उठावदार दिसतात. पण सावलीचा भाग उजळून आणि प्रखर भाग दाबून दोन्हींत तपशील आणायची जी पद्धत असते, तिनं चित्र खोलगट वाटतं खरं; मात्र सावलीचं काळेपण थोडं हरवतं. चंद्रावर हवा नाही, तिथली सावली डोळ्याला ठार काळी असते. माझ्या चवीला सावल्या थोड्या अधिक काळ्या आणि रंग एक चमचा कमी चालले असते. पण ही चवीची बाब. सोळाव्या वर्षी इतकं निगुतीनं पाखडणारे हात किती असतील? आणि किती प्रतिमा घेतल्या, किती तास घालवले, रंग का दिसतात, हे त्यानं विचारणाऱ्याला मोकळेपणानं सांगितलं. माझ्या दृष्टीनं हे चित्राचंच अंग आहे.

कारण न सांगितलेली फोडणी पुढे काय करते, याचं उदाहरण नेपच्यून. १९८९ साली व्हॉयेजर-२ यान त्याच्या जवळून गेलं. त्याच्या ढगांमधले पट्टे दिसावेत म्हणून चित्रांचा निळा रंग गडद केला होता आणि तसं त्या वेळी चित्रांसोबत लिहिलंही होतं. पुढे चित्रं पाठ्यपुस्तकांत गेली, भिंतींवर लागली, आणि ती ओळ वाटेत गळून पडली. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या प्राध्यापक पॅट्रिक अर्विन यांच्या गटानं रंग नव्यानं मोजून दाखवले : नेपच्यून आणि युरेनस दोघंही जवळपास एकसारखे फिकट हिरवट-निळे आहेत, नेपच्यून किंचित अधिक निळा. पस्तीस वर्षं सगळ्या जगानं गडद निळा नेपच्यून मनात बाळगला, आणि तोही कुणी फसवलेलं नसताना! मथळा हरवला, एवढंच.

काही चित्रांत तर रंग पूर्णपणे संकेतानं दिलेले असतात. हबल दुर्बिणीचं १९९५ सालचं 'निर्मितीचे स्तंभ' हे प्रसिद्ध चित्र बहुतेकांनी पाहिलं असेल. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. डोळ्याला हायड्रोजनचा तो प्रकाश लालच दिसला असता. पण मग गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लाल झाले असते आणि कोण कुठे आहे ते कळलं नसतं. नकाशात आपण महाराष्ट्राला पिवळा आणि कर्नाटकाला हिरवा रंग देतो, तसंच हे. बेळगावला जाऊन 'जमीन हिरवी नाही' अशी तक्रार कुणी करत नाही, कारण नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची सूची असते.

आपल्या लेस्टरचाही या गोष्टीत वाटा आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी उड्डाण झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीवर 'मिरी' नावाचं उपकरण आहे. (नाव ऐकून आपल्याला मसाल्याचा डबाच आठवणार!) त्याच्या यांत्रिक रचनेचं महत्त्वाचं काम लेस्टर विद्यापीठात झालं. हे उपकरण जे टिपतं तो उष्णतेचा अवरक्त प्रकाश. मानवी डोळ्याला तो दिसतच नाही. तेव्हा त्याचा 'खरा रंग' कोणता, हा प्रश्नच गैरलागू. तिथे रंग नेमून द्यावेच लागतात. नॅशनल स्पेस सेंटरला मुलांना घेऊन जाल तेव्हा 'हे रंग कोणी आणि कशासाठी ठरवले?' एवढं एकदा विचारा. उत्तरातून चित्रापेक्षाही जास्त कळतं.

आणि फोडणीनं कधी कधी डाळीत आधीपासूनच असलेलं काहीतरी नव्यानं सापडतं. देवयानी दीर्घिकेचा फोटो आयझॅक रॉबर्ट्स या इंग्लंडमधल्या हौशी निरीक्षकानं १८८८ साली काढला. त्यानंतर ती जगातल्या सर्वाधिक छायाचित्रित वस्तूंपैकी एक झाली. तरी तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या निळ्या प्रकाशाची एक प्रचंड कमान आहे, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. फ्रान्स आणि जर्मनीतल्या काही हौशी मंडळींनी फक्त तेवढाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावून शंभराहून अधिक तासांचं चित्रण केलं, तेव्हा ती सापडली. ग्रिनिचच्या वेधशाळेतर्फे २००९ पासून भरणाऱ्या खगोल छायाचित्रण स्पर्धेत २०२३ सालचं सर्वोच्च पारितोषिक त्याच चित्राला मिळालं. ती कमान डोळ्याला कधीच दिसणार नाही. पण इतरांनी वेगळ्या दुर्बिणींतून पाहिलं, तेव्हा त्यांनाही ती तिथेच आढळली. दुसऱ्यानं पाहिलं तरी तेच सापडलं पाहिजे. फोडणी आणि भेसळ यांतला फरक ओळखायची सर्वांत भरवशाची खूण हीच.

डोळ्याचं खरं की कॅमेऱ्याचं?

१० मे २०२४ ची शुक्रवारची रात्र लेस्टरमधल्या बहुतेकांच्या लक्षात असेल. २००३ नंतरचं सर्वांत तीव्र सौरवादळ त्या रात्री पृथ्वीवर धडकलं आणि ध्रुवीय प्रकाश दक्षिण इंग्लंडपर्यंत दिसला. लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजाजवळची लाली टिपली. आमच्या गल्लीत लोक रात्रीच्या कपड्यांत बाहेर उभे होते. डोळ्यांना आकाशभर फिकट पडदे दिसत होते, काहींना त्यात गुलाबी झाक जाणवत होती. पण फोन वर धरला की पडद्यावर गर्द गुलाबी, हिरवा, जांभळा! शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "काका, मग फोन खोटं दाखवतो का?"

नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. फोन दोन-तीन सेकंद प्रकाश साठवतो, आपला डोळा तसं साठवू शकत नाही. रंग खरेच होते, ते पाहण्याची कुवत आपल्याकडे नव्हती. पण 'काल रात्री आकाश असं दिसत होतं' असं म्हणून तो फोटो भारतात पाठवला, तर ते वाक्य चुकीचं. 'फोनला आकाश असं दिसलं' हे बरोबर. एका शब्दाचा फरक, पण पुढच्या वेळी केवळ डोळ्यांच्या भरवशावर बाहेर पडलेल्या माणसाचा हिरमोड त्यानं वाचतो.

भेसळ

भेसळीची सुरुवात घरापासूनच करू. लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छापत्रांवर पणत्यांच्या मागे टपोरा पूर्ण चंद्र आपण किती वेळा पाहिला असेल! लक्ष्मीपूजन असतं अमावास्येला. बेलग्रेव्ह रोडवर दिवे पाहायला गर्दी होते तेव्हा वर चंद्र नसतो. म्हणूनच तर दिव्यांची मजा. शुभेच्छापत्राला कुणी फोटो समजत नाही, म्हणून ते माफ. पण 'दिवाळीच्या रात्री मी काढलेला चंद्र' म्हणून कुणी असं काही दाखवलं, तर तिथी विचारा. आपल्या पंचांगाइतकं स्वस्त तपासणी-यंत्र दुसरं नाही.

दुसरी खूण : चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधे चमकणारी चांदणी. कोरीचा उरलेला काळा भाग म्हणजे रिकामं आकाश नव्हे, तिथे चंद्रच आहे. त्याच्या आरपार तारा दिसणार कसा?

मात्र मोठा चंद्र दिसला की लगेच 'खोटा' म्हणू नका. लेस्टर कॅथीड्रलचा सुळका सुमारे २२० फूट, म्हणजे ६७ मीटर उंच आहे. पावणेआठ किलोमीटरवरून पाहिला तर तो चंद्राइतकाच मोठा वाटतो. दुरून, मोठ्या लेन्सनं, योग्य दिवशी फोटो घेतला, तर सुळक्याएवढा चंद्र अगदी खरा असू शकतो. तो दिवस आणि ती जागा शोधायला कागदावर गणित मांडावं लागतं. ते कष्ट करणाऱ्याला 'फोटोशॉप' म्हणणं अन्याय आहे.

नव्या काळातली भेसळ जास्त अवघड आहे, कारण ती करणाऱ्यालाच कधी कधी ठाऊक नसते. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोटोत पडद्यावर नसलेले तपशील उमटले. चंद्र ओळखून त्याचा तपशील वाढवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते, असं कंपनीनं स्पष्टीकरण दिलं. संगणकाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला यात तंत्राचं कौतुक वाटतं. पण समीक्षक म्हणून विचाराल, तर सुपात नसलेला दाणा भातात आला. तो दाणा चांगल्या प्रतीचा असेल, तरी तो तुमच्या शेतातला नाही. खरखर काढणाऱ्या, धार वाढवणाऱ्या नव्या साधनांनाही हीच कसोटी लावायची : जे आलं ते माझ्या डेटातून आलं, की त्या साधनानं आधी पाहिलेल्या हजारो चित्रांतून?

विश्वास किती सहज बसतो, याची मासलेवाईक गोष्ट म्हणजे ३१ जुलै २०२२ रोजी एतिएन क्लाईन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं टाकलेलं चित्र. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक गोळा, आणि खाली : जेम्स वेबनं टिपलेला आपला निकटचा तारा. लोक भारावले. तो चोरिझो नावाच्या सॉसेजचा काप होता! गंमत केली होती, असं सांगून त्यांनी नंतर माफी मागितली. चित्रात एका पिक्सेलचीही भेसळ नव्हती. होती ती मथळ्यात.

मथळ्याची भेसळ आपल्याकडेही जुनी आहे. विजयदुर्गच्या किल्ल्यावर १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम शोधला, असं कोकणात अभिमानानं सांगतात. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणं एकाच मथळ्यात शिरली. आणि याच १८९८ च्या ग्रहणात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ ठोकून खग्रास सूर्याचे फोटो घेतले, त्याचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापला, हे मात्र आपल्याला सहसा माहीत नसतं. खरा अभिमान बाळगायला जागा होती ती तिथे. काय केलं, कोणत्या उपकरणानं केलं, हे लिहून ठेवायची शिस्त आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होती.

थोडं चवीबद्दल

प्रामाणिकपणा पुरेसा नसतो. चित्र चांगलंही असावं लागतं. हौशी आकाशचित्रांत मला वारंवार खटकणाऱ्या गोष्टी तीन. एक, आकाश शाईसारखं काळंकुट्ट करणं. शहराचा उजेड लपवण्याच्या नादात तेजोमेघाच्या फिकट कडाही त्याबरोबर बुडतात. दोन, सगळे तारे पांढरे होणं. मृग नक्षत्रातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर आहे. दोन्ही पांढरे दिसले तर प्रकाश जास्त झाला किंवा संगणकात ताण जास्त पडला, असं समजावं. तीन, धार इतकी वाढवणं की चंद्राच्या कडेला पांढरी किनार उमटते. लुगड्याला शोभते, चंद्राला नाही.

चांगल्या चित्रात मला उलट एक संयम दिसतो. करणाऱ्याला अजून दोन पावलं पुढं जाता आलं असतं, पण तो थांबला, हे जाणवतं. आपल्या बैठकीत जाणकार गवयाला दाद मिळते ती अशाच थांबण्याला.

म्हणून आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाला आणि दिवाळी कार्यक्रमात छायाचित्रांचं प्रदर्शन मांडणाऱ्या कार्यकर्त्यांना एक सुचवणी. आकाशाचा फोटो देणाऱ्यानं खाली चार ओळी लिहाव्यात : कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, कशानं, किती वेळ, संगणकात काय काढलं आणि काय वाढवलं, आणि बाहेरून काही घातलं असेल तर ते कोणतं. घातलं असेल तरी चित्र लावू, फक्त 'कल्पनाचित्र' या भिंतीवर. मुलांच्या गटालाही हाच नियम असावा. दहा वर्षांच्या मुलाला 'मी आईच्या फोननं, ओडबीच्या बागेतून, दोन सेकंद' एवढं लिहिता येतं, आणि ते लिहिताना त्यानं नेमकं काय पाहिलं याचा तो पुन्हा एकदा विचार करतो.

चार ओळींना जागा फार लागत नाही. पण त्या फोटोला घट्ट चिकटून राहतील याची काळजी घ्यावी लागेल. नेपच्यूनच्या सुटल्या होत्या.